इंजिनाचं तोंड

दुसरी मोठी लढाई सुरू होती तेव्हाची गोष्ट. हिंगोलीत आमच्या ओसरीवर एका सकाळी बैलगाडीतून एक विलायती यंत्र उतरवलं गेलं. गवत कापायचं. दोघांनी उचलून ते खांबाशी टेकवलं आणि गाडीवान म्हणाला, "साहेबाचं हाय, जपून ठिवा." शेजारीण सूप हातात घेऊनच बघायला आली.

"हे काय करतं म्हणे?" तिनं विचारलं.

"गवत खातं," मी म्हटलं.

"मंग दूध किती देतं?"

आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. त्या यंत्रापायी मी हसले ते तेवढंच.

आमचे हे कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. आदल्या उन्हाळ्यात मालकानं जिन कायमचा बंद केला, यंत्रं विकली, आणि हे घरी बसले. बसले म्हणजे नुसते बसले नाहीत. माझी कणगी दुरुस्त केली, जात्याचा खुंटा बदलला, दाराच्या बिजागरीला इतकं तेल घातलं की दार वाऱ्यानं आपलं आपण उघडायला लागलं. रिकामा पुरुष घरात असला की बाईला दोन घटका निवांत बसता येत नाही, हे ज्यांनी सोसलंय त्यांना ठाऊक आहे.

छावणीतल्या जुन्या बंगल्यात एक मोठे अंमलदार राहायचे. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. बंगल्यापुढं हिरवळ होती आणि ती कापायला हे इंजिनाचं यंत्र होतं, पण दोन वर्षांपासून ते बंद पडलेलं. चार बायका विळे घेऊन बसल्या असत्या तर दुपारच्या भाकरीपर्यंत सगळं मैदान साफ झालं असतं, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पण साहेबांना पट्टे पट्टे उमटलेलं गवत पाहिजे होतं, कारण दिवाळीआधी हैदराबादहून त्यांच्याही वरचे साहेब येणार होते. आमच्या साहेबांनी यांना बोलावून सांगितलं, हे चालू करून दे, पूर्ण्याच्या रेल्वेच्या इंजिनशेडात माझे मेहुणे आहेत, त्यांना तुझ्यासाठी चिठ्ठी देतो. कायमची नोकरी आणि राहायला खोली.

ती चिठ्ठी मिळाली नाही तर काय करायचं हेही ठरलेलं होतं. जिनातला एक सोबती मुंबईला गिरणीत लागला होता, हे त्याच्याकडे जाणार. मी शिरड शहापूरला भावाकडे. मुंबईला गेलेल्यांच्या बायका मी बघितल्या होत्या. वर्षातून एकदा नवरा येतो, चार दिवस पाहुण्यासारखा राहतो, लेकरू त्याला बघून रडतं. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मला त्या माणसाजवळ राहायचं होतं. असं सांगायची तेव्हा रीत नव्हती. आता माझं कोण काय वाकडं करणार आहे, म्हणून सांगते.

तर यंत्र ओसरीवर बसलं आणि हे त्याच्यापुढं बसले. आठ दिवस मी दोघांनाही वळसा घालून पाणी भरलं. "ठिणगी पडून न्हाई राहिली," एवढंच हे म्हणत. भाकरी वाढली तरी ठिणगी, आंघोळीला पाणी काढलं तरी ठिणगी. शेवटी एका डबीच्या आत काळे पडलेले दोन बारीक खिळे सापडले. ते काचकागदानं घासून यांनी लख्ख केले.

पेट्रोल दिलं ते स्टेशन रस्त्यावरच्या चाचांनी. त्यांचं घासलेटचं आणि पेट्रोलच्या डब्यांचं दुकान होतं. लढाईमुळं पेट्रोल परवान्यावर मोजून मिळे, तरी चाचांनी एक बाटली काढून दिली. माझे सासरे आणि चाचा एका गल्लीत वाढलेले. सासरे गेले तेव्हा आमच्या दारात तीन दिवस बसून राहिलेला हा माणूस. मला बेटी म्हणत.

नवरात्रातल्या अष्टमीला यांनी पेट्रोल ओतलं, चाकाला दोरी गुंडाळली आणि हिसडा दिला. तिसऱ्या हिसड्याला ते सुरू झालं. काय तो आवाज. गल्लीतल्या कोंबड्या उडून पत्र्यावर गेल्या आणि शेजाऱ्यांची शेळी दावं तोडून पळाली. यांच्या तोंडावर इतका आनंद मी लग्नातही बघितला नव्हता. बंद केल्यावर मी जवळ गेले. पुढच्या पात्यांकडे बोट करून विचारलं, "हे त्याचं तोंड व्हय?"

"ते दात," हे म्हणाले. मग वरच्या टाकीच्या झाकणावर प्रेमानं हात ठेवून म्हणाले, "तोंड हे. इथून पितं ते."

आता माझ्या माहेरची रीत सांगायला पाहिजे. खंडेनवमीला हत्यारांची आणि अवजारांची पूजा सगळीकडे होते, पण आमच्याकडे नुसत्या हळदीकुंकवावर भागत नसे. ज्याला तोंड आहे त्याला काहीतरी द्यायचंच. जात्याच्या तोंडात मूठभर गहू, उखळात चार दाणे, चुलीला भाताचं शीत. आणि विहिरीवरची मोट पाणी पिते म्हणून तिच्या तोंडात पळीभर पंचामृत. खाणाऱ्याला घास, पिणाऱ्याला पंचामृत, असं माझी आई म्हणायची. वर्षभर राबणाऱ्याला उपाशी ठेवून त्याच्या पाया पडायचं ही थट्टा झाली, असं तिचं म्हणणं. मला ते अजूनही चूक वाटत नाही.

साहेब दौऱ्यावर होते, दसऱ्यानंतर यायचे होते. म्हणून यंत्र आमच्याकडेच राहिलं. नवमीला हे नदीवर आंघोळीला गेले होते. मी यांचे पाने, हातोडे, कानशी पाटावर मांडल्या, गंध लावलं. यंत्राच्या दांड्याला झेंडूची माळ घातली. मग झाकण उघडलं आणि तोंडात पळीभर पंचामृत घातलं. घातल्यावर वाटलं, एवढं मोठं यंत्र, साहेबाचं, त्याच्यावर आमचा सगळा संसार टांगलेला आणि एका पळीत भागवायचं? आणखी दोन पळ्या घातल्या. दूध, दही, तूप, मध, साखर, पाचही होतं, कशात कमी केली नव्हती. झाकण लावून नमस्कार केला आणि मनात म्हटलं, आमाला पूर्ण्याला ने बाबा.

हे आले, माळ बघितली, टाकीवरचं कुंकू बघितलं आणि खूश झाले. त्यांनीही नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी शेजारीपाजाऱ्यांना दाखवायला म्हणून यांनी पुन्हा दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, मिनिटभर चाललं, ठसकलं आणि थांबलं. पुन्हा ओढली. पुन्हा. दुपारपर्यंत यांचा तळहात सोलून निघाला. लोक आपट्याची पानं देऊन, मान हलवून निघून गेले. मग यांनी पोतं अंथरलं आणि सगळं उघडायला घेतलं. पेट्रोल जिथून आत जातं तिथं एक पितळेची वाटी असते, तिला हे कारबेटर म्हणत. ती उघडली तर आत पांढरे कण. यांनी एक कण नखावर घेतला, उजेडाला धरला, बोटांत चोळून बघितला.

"चिकट हाय," ते म्हणाले. "पेट्रोलात भेसळ हाय."

मी मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला ते नखावरचं लांबूनच ओळखू आलं. रोज दही लावणाऱ्या बाईला दह्याची कणी कळणार नाही तर काय कळणार? त्याच घडीला बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं. मी तांब्या खाली ठेवला आणि आत गेले.

काहून नाही बोललीस, असं मी स्वतःला किती वेळा विचारलंय. माराची भीती नव्हती. यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. भीती वेगळीच होती. आठ दिवस जीव ओतून चालू केलेलं यंत्र मी तीन पळ्यांत बंद पाडलं, हे कळल्यावर हा माणूस मुंबईला जाईल आणि जाताना त्याला वाईट वाटणार नाही, असं मला वाटलं. बस्स, एवढंच. मी गप्प राहिले.

हे तडक बाजारात गेले. दसऱ्याचा दिवस, रस्ता माणसांनी भरलेला, आणि यांनी चाचांच्या दुकानापुढं उभं राहून वाटीतले कण सगळ्यांना दाखवले. काय काय बोलले ते मला दुसऱ्यांकडून कळलं. चाचांनी दुकानाच्या फळीवर हात ठेवून शपथ घेतली. यांनी ऐकलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. चोर घरात पुऱ्या तळत होता.

संध्याकाळच्या आत चाचा आमच्या दारात आले. हे पाणी शेंदायला आडावर गेले होते. चाचा पायरीवर बसले नाहीत, उभेच राहिले. हातात दुसरी बाटली होती.

"बेटी, त्याला म्हण हे टाकून बघ. नवा डबा फोडला. मी इतकी वर्षं धंदा करून राहिलो, कुणी असं बोललं न्हाई."

"ठिवा चाचा," मी म्हटलं.

"तुला बी वाटतं का, मी मिलावट केली?"

"न्हाई," मी म्हटलं. हे तरी खरं बोलले, पण या खऱ्याचा त्यांना काय उपयोग होता? मी बाटली घेतली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी ते पेट्रोल घातलं. आधी यांनी टाकी घासलेटनं खळबळून घेतली होती. इंजिन पुन्हा मिनिटभर चाललं आणि ठसकून थांबलं. वाटीत पुन्हा कण. आता तर यांची खात्रीच पटली. मला मात्र कळत होतं की दुधामधाचा चिकटा टाकीच्या तळाला आणि आतल्या जाळीला धरून बसलाय. तो घासलेटनं कधी निघालाय? दुधाच्या भांड्याला गरम पाणी लागतं. आमच्या घरात ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती आणि सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

तरी एकदा म्हणून बघितलं. "गरम पाण्यानं धुतलं तर?"

"इंजिनात पाणी?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू चुलीजवळ बस. मला सुचू दे."

मग चार दिवस यांनी इंजिन खोललं आणि जोडलं. ठिणगी बघितली, होती. ते लख्ख केलेले खिळे पुन्हा घासले. बारीक भोकं घोड्याच्या शेपटीच्या केसानं साफ केली. चालायचं, थांबायचं. तिसऱ्या दिवशी यांनी ते कुणाच्या तरी दृष्टीवर घातलं आणि मला मीठमोहरी ओवाळायला लावली. मी ओवाळली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं चाललं होतं, फक्त तोंड दाबणारीही मीच होते. जेवताना यांचा घास हातातच राहायचा. एकदा म्हणाले, "मुंबईला थंडी कशी असती कुणास ठाऊक. माझं कांबळं काढून ठिव." मी कांबळं काढलं, उन्हात घातलं, आणि त्याच्याजवळ बसून रडले. बोलले तरीही नाही.

पाचव्या दिवशी साहेबांचा चपराशी आला. साहेब परतले होते. हे टोपी घालून गेले आणि तासाभरात आले ते बरेच हलके होऊन.

"आणखी दोन दिवस देल्ले," ते म्हणाले. "साहेब भला माणूस हाय. विचारलं, उशीर काहून? मी सांगितलं, पेट्रोलात भेसळ. वाटी दाखवली. म्हणाले, कुणी दिलं? तिथल्या तिथं कारकुनाला बोलावलं आणि चाचाचा पेट्रोल विकायचा परवाना बंद केला. आता माझ्या मोटारीतलं पेट्रोल ने म्हणाले."

मी चुलीपुढून उठले आणि सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. हातात उलथनं होतं, तेवढं आठवतं.

हे दारातच बसले. मग विचारलं, "किती?"

"तीन पळ्या."

"दही बी?"

"पंचामृत म्हंजे पाची असतं."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं आता उठतील आणि चालू लागतील. ते उठले आणि म्हणाले, "पाणी तापव."

टाकी सोडवली. मी रिठ्याचं पाणी केलं, कढत. आम्ही दोघांनी मिळून ती टाकी दुधाचं मडकं धुवावं तशी चार वेळा धुतली. जाळी काढून मी चिंधीनं पुसली. मग टाकी दिवसभर आश्विनाच्या उन्हात पालथी घातली. दुसऱ्या सकाळी साहेबांचं पेट्रोल घातलं, दोरी ओढली आणि पहिल्याच हिसड्याला इंजिन जे सुरू झालं ते आम्ही बंद करेपर्यंत थांबलं नाही. मला आनंद झाला. खोटं काहून बोलू, फार आनंद झाला. त्या आवाजात मी यांना मोठ्यानं म्हटलं, "आता चाचाचं सांगा साहेबाला."

यांनी इंजिन बंद केलं. "काय सांगू?"

"जे झालं ते."

"माझ्या बायकोनं तुमच्या इंजिनाला पंचामृत पाजलं आणि मी बाजारात दुसऱ्याची अब्रू घेतली, असं? आणि मंग म्हणू, चिठ्ठी द्या, तुमच्या मेहुण्याच्या शेडात रेल्वेचं इंजिन माझ्या हाती द्या?"

मी दांड्यावरची सुकलेली माळ काढायला घेतली.

"चिठ्ठी हातात पडू दे," हे म्हणाले. "मंग सांगतो."

चिठ्ठी पडली. हिरवळीवर साहेबांना पाहिजे तसे पट्टे उमटले, हैदराबादचे साहेब येऊन गेले, आणि यांनी सांगितलं नाही. आज जातो, उद्या जातो. मग म्हणायला लागले, पूर्ण्याला रुजू झाल्यावर कागद लिहितो. मी भांडले. दोन दिवस बोलले नाही. पण खरं सांगायचं तर मीसुद्धा भांडताना आवाज जपून होते, कारण पूर्ण्याची खोली मला डोळ्यांपुढं दिसत होती. यांच्यावर सगळं ढकलून मोकळं व्हायचं हे सोपं आहे. चाचांचं दुकान काही समुद्रापलीकडं नव्हतं. मी स्वतः गेले होते एकदा, सांगायचं असं पक्कं ठरवून. पेट्रोलच्या डब्यांची जागा रिकामी होती आणि चाचा एकटेच घासलेटचं माप पुसत बसले होते. मोटारीवाले आता दुसऱ्या दुकानाला जात होते. मला बघून ते उठले. मी घासलेटची बाटली पुढं केली, त्यांनी ती भरून दिली, आणि मी ती घेऊन घरी आले.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. स्टेशनवर दोन पेट्या, एक वळकटी आणि माझं जातं. गाडीला वेळ होता. चाचा फलाटावरून येताना दिसले तेव्हा हे वळकटीची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागले. चाचांच्या हातात टॉवेलात बांधलेली सीताफळं होती. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि यांच्या पाठीकडे बघत, पण मला म्हणाले,

"बेटी, मी सगळे डबे उघडून बघितले. एकाच्या बुडाला जंग होता. तेच असंल. माझी नजर चुकली. माझ्यामुळं तुमची रोजी जाता जाता राहिली. दिलात नको ठिवू. माफ कर."

मी यांच्याकडे बघितलं. यांचे हात दोरीवर थांबले होते, पण त्यांनी मान वर केली नाही. गाडीची घंटा झाली. चाचा उत्तरासाठी माझ्यापुढं उभे होते.

"असू द्या चाचा," मी म्हटलं. "होतं असं."

त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर करून आम्हाला दुवा दिली आणि गाडी लागल्यावर वळकटी उचलून डब्यात ठेवायला यांना हात लावला. ज्याचा काही गुन्हा नव्हता त्या माणसाला त्या दिवशी मी माफ केलं.